तेरेखोलच्या रेतीतली बंदूक

मी गोव्यात हिंडलो तो एका बंदुकीपायी. परत आल्यावर हे वाक्य मी पुण्यात दोन-तीन घरी बोललो आणि प्रत्येक ठिकाणी समोरच्याचा चहाचा कप हवेतच थांबला. लोक गोव्याला समुद्रासाठी जातात, देवदर्शनाला जातात, अगदीच नाही तर काजू आणायला जातात. तेव्हा झालं ते पहिल्यापासून सांगणं बरं.

माझी सगळी नोकरी पुण्याजवळच्या एका शस्त्रांच्या कारखान्यात, आराखडे काढण्यात गेली. टेबलावर वाकून रायफलीचे भाग कागदावर उतरवायचे, हेच काम. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात म्हणून मी एक पुस्तक लिहायला घेतलं. आज जगभरच्या सैनिकांच्या हातात जी रायफल दिसते, एकेक गोळी झाडणारी आणि वेळ पडली तर सलग झोडपणारी, जिला असॉल्ट रायफल म्हणतात, ती मुळात आली कुठून आणि कोणी कोणाचं पाहून काय उचललं, असा विषय. जर्मन, रशियन, अमेरिकन, बेल्जियन अशी प्रकरणं लिहून झाली. पोर्तुगीजांपाशी अडलो. त्यांनी पुढे आफ्रिकेत जर्मन घराण्यातली नवी रायफल वापरली, हे वाचलेलं होतं. पण एकसष्टच्या डिसेंबरात गोव्यातल्या त्यांच्या शिपायाच्या हातात नेमकं काय होतं, हे पाहिलेल्या माणसाकडून ऐकायचं होतं.

दत्ताराम परब हा आमच्या कारखान्यातला फिटर. माझ्या कागदावरचा भाग तो पोलादात करून दाखवायचा, आणि चुकला असेल तर कागदच चुकलाय असं तोंडावर सांगायचा. निवृत्त होऊन तो दिचोलीला आपल्या मूळ घरी गेला होता. दरवर्षी बोलवायचा. गोवा राज्य झालं त्या वर्षी, पाऊस सरल्यावर, मी गेलो.

दिचोली

बसमधून उतरलो तेव्हा सगळंच तांबडं दिसलं. खाणीची माती वाहणारे ट्रक एकामागून एक जात होते आणि रस्त्याकडेच्या माडांची झावळंसुद्धा लाल झाली होती. भिंतींवर भाषेच्या वादातल्या घोषणा अजून होत्या. मराठीच्या घोषणेवर चुना, चुन्यावर कोंकणीची घोषणा, तिच्यावर पुन्हा चुना. दत्ताराम स्टँडवर उभा होता. नेहमी लांबूनच हात हलवणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने नुसती माझी पिशवी घेतली.

"साहेब, वाईट वेळी बोलावलं तुम्हाला," तो चालता चालता म्हणाला. "जावयाला पोलिसांनी धरलंय."

त्याची मुलगी शशिकला हिचं सखारामशी लग्न झालं होतं. सखाराम बांद्याकडचा, सिंधुदुर्गातला. खाणीवर ट्रक चालवायला आला आणि दिचोलीतच राहिला. खाणीचं काम कमी झालं की तो तेरेखोलच्या खाडीतली रेती वाहायचा. तिथे माणसं होडीतून जातात, पाण्यात बुड्या मारून बालद्यांनी रेती काढतात आणि काठावर ढीग घालतात. तो ढीग सखारामने भरला आणि म्हापशाकडच्या एका बांधकामावर ओतला. रेतीतून गंजलेला एक लांबोडा गोळा बाहेर पडला. नळी, खाली गोळ्यांची वाकडी पेटी, म्हणजे मॅगझिन. गवंड्यांनी ते पाहून आरडाओरडा केला. पोलीस आले आणि गोळा नेला तसं सखारामलाही नेलं.

ते दिवस कसे होते हे आठवायला हवं. पंजाबातल्या बातम्यांमुळे एके-४७ हे नाव वर्तमानपत्रात जवळजवळ रोज येत होतं, आणि सोबत केळ्यासारख्या वाकड्या मॅगझिनचं चित्र. गोव्याला समुद्र, समुद्रातून चोरटा माल येतो हे सगळ्यांना माहीत. तेव्हा गोळा पाहून चौकीवाल्यांना जे वाटलं ते कोणालाही वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीहून गाडी येणार होती आणि सखारामला तिकडे नेणार होते. दत्तारामला भीती त्याचीच होती. एकदा माणूस पणजीला वरच्यांकडे गेला की प्रकरण कोणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही, असं तो म्हणाला.

घरी शशिकला सोप्यावर चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. सोपा म्हणजे पुढच्या पडवीतलं दगडी बसणं. डोळे सुजलेले, पण हात थांबलेला नव्हता. माझ्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवून ती म्हणाली, "काका, तुमका बंदुकीतला कळता मा? मगे तुमीच बगा ती काय ती."

"बघतो," मी म्हटलं. "दत्ताराम, सकाळी चौकीत जाऊ."

"पण जर ती तसलीच निघाली तर?" दत्तारामने खालच्या आवाजात विचारलं.

शशिकलेने आमच्याकडे पाहिलं आणि विषय बदलावा तसं विचारलं, "हे एके एके म्हणतत, ता नेमका काय?"

मला बोलायला काहीतरी मिळालं याचं बरं वाटलं. मी तिच्या सुपातून एक अख्खी शेंग उचलली. म्हटलं, ही जुन्या रायफलीची गोळी. लांबलचक, दारू भरपूर. पार पल्याडच्या डोंगरावरच्या माणसाला लागेल. पण लढाईत पल्याडच्या डोंगरावरचा माणूस कोणाला दिसतच नाही. दिसतो तो या घरापासून त्या वडापर्यंतचा. तेवढ्यासाठी एवढी दारू म्हणजे खांद्याला दणका, आणि सलग झाडायला गेलं तर नळी आकाशाकडे. मग मी शेंगेचं टोक तोडून घेतलं. ही पिस्तुलाची गोळी. हिची बंदूक अंगणात पाणी शिंपडावं तशी चालते, पण अंगणाबाहेर उपयोग नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी या दोघींच्या मधली गोळी काढली. मी शेंग मध्यावर मोडून दाखवली. लांब गोळीचंच कवच आखूड केलं आणि त्या गोळीसाठी नवीन बंदूक घडवली. कवच पुढे निमुळतं, म्हणून एकावर एक रचल्या की रांग वाकडी होते, म्हणून मॅगझिन वाकडं. रशियात झारच्या काळात एकाने हा विचार आधी केला होता, जपानची बारीक गोळी घेऊन. पण तिथे तो वाढला नाही. युद्धानंतर रशियनांनी आपली मधली गोळी आणि आपली बंदूक केली. ती एके.

"जर्मनांची नक्कल," दत्ताराम पटकन म्हणाला. हा आमचा कारखान्यापासूनचा वाद.

"बाहेरून तशी दिसते. आत उघडून बघ. जर्मन बंदुकीत गोळी नळीत कोंडून धरणारा दट्ट्या खाली झुकून अडकतो, रशियन बंदुकीत फिरून अडकतो, कडीसारखा. ते अमेरिकन रायफलीवरून घेतलंय. आणि आपल्या सैन्याची एसएलआर? बेल्जियमवाल्यांनी पहिला नमुना केला तो त्याच जर्मन आखूड गोळीसाठी. पुढे पुन्हा लांब गोळी आली म्हणून बंदूक लांब झाली. सगळ्यांनी सगळ्यांकडून घेतलंय, दत्ताराम."

"म्हणजे नक्कलच."

शशिकला किंचित हसली. त्या संध्याकाळी त्या घरात हसलेलं तेवढंच. मग तिने शेंगेचे ते तिन्ही तुकडे माझ्या हातातून घेऊन भाजीत टाकले.

चौकी

कुठली चौकी ते लिहीत नाही, त्याला महत्त्व नाही. फौजदार तरुण होता, सभ्य होता, आणि त्याची झोप झालेली नव्हती. आम्ही कोण ते ऐकून त्याने खुर्च्या दिल्या. आतल्या बाकावर सखाराम बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. काटक, सावळा, दाढी वाढलेली. सासऱ्याला पाहून तो उठला, पण मागे मी दिसताच खाली मान घालून परत बसला.

मेजावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर तो गोळा ठेवला होता. शेजारी त्याच वर्तमानपत्रातलं एके-४७चं कापलेलं चित्र.

"बघा सर," फौजदार म्हणाला. "हा वाकडा, तोही वाकडा."

गंजाचे आणि शिंपल्यांचे थर बसले होते. पहिल्या नजरेला, खरं सांगतो, मलाही ती एकेच वाटली. नळी आखूड, पिस्तुलासारखी मूठ, खाली वाकडी पेटी. मी रॉकेल आणि तारेचा ब्रश मागितला. शिपायाने दोन्ही आणून दिलं. मी घासत गेलो आणि हळूहळू गोळ्यातून बंदूक निघत गेली.

पहिल्यांदा दिसलं ते हे, की नळीच्या वर काही नाही. एकेला नळीच्या डोक्यावर दुसरी बारीक नळी असते. गोळी सुटली की मागचा वायू तिच्यातून येऊन दट्ट्याला ढकलतो. ती वरची नळी काढून टाकली तर ती बंदूकच राहत नाही. इथे ती नव्हती आणि तुटल्याची खूणही नव्हती. मग मी मॅगझिन घासलं. ते वाकडं होतं, पण वळणदार नव्हतं. मधोमध चेपलेलं, एका बाजूला पत्र्याची घडी पडलेली. दोन खडकांत अडकून पुराच्या पाण्याने वाकवलं असावं. तोंड मात्र शाबूत होतं, आणि मोजलं तर अगदी अरुंद. मधल्या गोळ्या त्यात आडव्या मावल्याच नसत्या. तिथे पिस्तुलाचीच गोळी जाणार.

माझ्या खिशात मोजमापाचा व्हर्नियर असतो. सवय. नळीच्या तोंडातली घाण काढून मोजलं. "जवळजवळ नऊ मिलिमीटर," मी म्हटलं. "एके साडेसात-पावणेआठची असते."

"म्हणजे?" फौजदार पुढे सरकला.

"म्हणजे ही एके नव्हे. असॉल्ट रायफलच नव्हे. ही त्या आधीच्या पिढीची, स्टेनगनच्या भावकीतली. पोर्तुगालने आपल्या सैन्यासाठी स्वतः केलेली." मी मागच्या बाजूचा तारेचा दांडा दाखवला. "हा सरकता तारेचा दस्ता आणि हे पत्रा दाबून केलेलं अंग, हे अमेरिकन बंदुकीवरून घेतलंय. आतला दट्ट्या जर्मन मशीन पिस्तुलासारखा. दोघे एकमेकांशी लढले. पोर्तुगाल लढाईत नव्हता. त्याने दोघांचंही घेतलं आणि एक बंदूक केली."

"नक्कल," दत्ताराम मागून पुटपुटला. जावई चौकीत अडकलेला असतानाही त्याला राहवलं नाही.

फौजदार माझ्याकडे आणि बंदुकीकडे आळीपाळीने पाहत होता. त्याला विश्वास ठेवायचा होता, पण वर काय सांगायचं हाही प्रश्न होता. "सर, तुम्ही म्हणता. पण उद्या कोणी म्हणेल, हा माणूस परबांचा पाहुणा."

बरोबर होतं त्याचं. मी परत रॉकेल ओतलं आणि बाजूच्या पत्र्यावर घासत राहिलो. बराच वेळ नुसता तांबडा चिखल निघत होता. मग बोटाला खरखर लागली. अक्षरं होती. फौजदाराने बॅटरी धरली. एक एम, एक तिरकी रेघ आणि पुढे नऊ, चार, आठ.

"नऊशे अठ्ठेचाळीस नंबरची बंदूक," शिपाई म्हणाला.

"नंबर नव्हे, साल आहे. एकोणीसशे अठ्ठेचाळीस. पोर्तुगीज सैन्यात शस्त्राचं साल लिहिताना पुढचा एक सोडून देतात."

फौजदार त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माझा आजा टपालात होता, पोर्तुगीजांच्या काळात. त्याच्या कागदांवर सालं अशीच असायची." त्याचा चेहरा सैल झाला, हे आम्ही तिघांनीही पाहिलं.

माझं म्हणणं लिहून घ्यायचं ठरलं. कुठल्या भाषेत, यावर पाच मिनिटं गेली. शिपाई म्हणाला कोंकणीत, दत्ताराम म्हणाला मराठीत. फौजदाराने दोघांना विचारलं की तुमच्या भाषेत मॅगझिनला काय म्हणतात. दोघेही मॅगझिनच म्हणाले. शेवटी इंग्रजीत लिहिलं. मग फौजदार आत जाऊन पणजीला फोनवर बोलला. आम्ही बाहेर बसलो. पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला. शिपायाने सगळ्यांसाठी पाव घेतले, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पातळ भाजी मागवली. सखारामलाही दिली. तो हातात पाव धरून बसला, खाल्ला मात्र नाही.

फौजदार बाहेर आला तो सखारामकडे बघत. "गाडी यायची नाही," तो म्हणाला. "बंदूक आमच्याकडे राहील. तू घरी जा. बोलावलं तर यायचं."

सखाराम उठला. मग त्याने तो पाव तिथेच उभ्याने खाल्ला, सगळा. बाहेर त्याचा ट्रक उन्हात उभा होता. त्याच्या बोनेटवर त्याने हात ठेवला आणि तसाच राहिला. दत्ताराम म्हणाला, "चल, ती वाट बघते."

घरी शशिकला दारातच होती. "आंघोळीचा पाणी तापला आसा," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. आंघोळ होऊन तो बाहेर आला तोवर तिने सुंगटांचं हुमण, म्हणजे कोलंबीचं कालवण, भात आणि सोलकढी वाढली होती. चारी माणसं अशी जेवलो की नंतर सोप्यावर कोणाला उठवेना. पुण्यात आमच्याकडे संकट टळलं की पेढे वाटतात. इथे माशांचं कालवण करतात आणि त्यावर झोपतात. मला ही पद्धत जास्त पटली.

केरी आणि तेरेखोल

नंतरचे दिवस मात्र मी गोव्याला जसं जावं तसा गेलो. सखारामने स्वतःच विषय काढला. ती बंदूक जिथून निघाली ती खाडी तुम्हाला दाखवतो म्हणाला. ट्रकच्या पुढच्या बाकावर आम्ही तिघे, मध्ये मी. पेडण्यावरून उतरताना भाताची कापणी चालू होती, आणि समुद्र दिसायच्या आधी त्याचा वास आला. मोरजीला थांबून तिसऱ्यांचं सुकं खाल्लं. इतक्या लहान शिंपल्यांतून इतकं मांस काढायला बायकांना किती वेळ लागत असेल याचा हिशेब मी करत बसलो तोवर दत्तारामने माझ्या वाट्याचंही संपवलं.

केरीला फेरीबोट धरायला उतरताना उतारावरच्या चिखलात माझा पाय घसरला आणि एक चप्पल आत रुतून बसली. फेरीतली सगळी माणसं बघत होती. सखाराम गुडघाभर चिखलात शिरला आणि चप्पल काढून आणली. "रेतीचो माणूस मी," तो म्हणाला. चौकीतून सुटल्यावर तो पहिल्यांदाच थोडासा हसला होता.

पल्याड तेरेखोल. पाण्यावर टेकलेला लहानसा किल्ला आहे, आता तिथे पाहुणे राहतात. तटावरून अरबी समुद्र, केरीचा किनारा आणि मागे वळत गेलेली खाडी, तिन्ही एका नजरेत येतात. पण मी ज्यासाठी आलो होतो ते किल्ल्यात नव्हतं. किल्ल्याखालच्या वाडीत रोझालिन मावशी नावाची म्हातारी राहते, पोर्तुगीज शिपायांचे कपडे तीच धुवायची, असं फेरीवाल्याने सांगितलं.

ती दारात जाळं विणत बसली होती. आम्ही कोण, कुठले, हे विचारण्याआधी तिने विचारलं, "जेवलेत?" जेवलो म्हटलं तरी तिने पेज आणि तोर आणून ठेवली. तोर म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. मग मी विचारलं, शिपायांकडे बंदुका कसल्या होत्या. तिला बंदुकांतलं काही कळत नव्हतं. लांब होत्या म्हणाली, लाकडाच्या, खूप जड, जुन्या. आणि थोड्या आखूड, काळ्या, तारेच्या मुठीच्या.

मी आणि दत्तारामने एकमेकांकडे पाहिलं.

"एकसष्टसाली हांगा कितें जालें?" दत्तारामने विचारलं.

ती जाळं मांडीवर ठेवून सांगू लागली. त्या दिवसांत शिपाई घाबरून गेले होते, म्हणाली. दूरवर तोफा वाजत होत्या आणि वरून कोणी काही सांगत नव्हतं. एक पोरगा सकाळी खाडीच्या काठाला आला. तिच्या कपडे धुवायच्या दगडापाशी. आखूड बंदूक गळ्यात.

"तो रडटालो," ती म्हणाली. "ल्हान भुरगो. मिशी लेगीत धड येवंक नाशिल्ली. म्हाका पळोवन ताणें ती काडली आनी उदकांत उडयली. धांयकन. मागीर म्हाका म्हणलें, काझा, काझा. काझा म्हणजे घर, तितलें म्हाका कळटालें." म्हणजे रडणाऱ्या त्या पोराने तिच्यादेखत बंदूक पाण्यात फेकली होती.

"मग?"

"मागीर कितें. हांवें ताका पेज दिली. दोन पेले जेवलो. हात धुतले आनी हांसलो. मागीर तुमचे लोक आयले, ताका व्हेलो. घरा पावलो आसतलो." तिने जाळं परत उचललं. "घरा पावलोच आसतलो," पोचलाच असेल घरी, असं पुन्हा म्हणाली.

ती बंदूक तीच होती का, हे मला सांगता येणार नाही. खाडीत अशा किती पडल्या असतील कोणास ठाऊक. पण इतकी वर्षं मी ज्या वस्तूचे भाग वेगवेगळे करून कागदावर काढत होतो, ती हातातून सुटल्यावर माणूस हसला, असं सांगणारं मला आधी कोणी भेटलं नव्हतं. माझ्या प्रकरणासाठी हवी ती माहिती मिळाली होती. जुन्या लांब रायफली आणि थोडी आखूड मशीन पिस्तुलं, मधली गोळी नाहीच. जगात मधली गोळी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण गोव्यातल्या त्या पोराच्या गळ्यात ती पोचली नव्हती. पुढे त्याच्यासारख्याच पोरांच्या हातात आफ्रिकेत ती नवी जर्मन रायफल आली, तीही लांब गोळीचीच. ते सगळं मला लिहिता येण्यासारखं होतं. तरी परत फेरीत बसल्यावर मावशीच्या पेजेची चव जिभेवर होती.

इब्रामपूर

दत्तारामची मोठी बहीण इब्रामपूरला दिली होती. सखाराम सुटल्याचं कळल्यावर तिने सगळ्यांना जेवायला बोलावलं. पेडण्याच्या आतल्या अंगाला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून हे गाव आहे. डोंगराच्या पोटात भाताची खाचरं, वरच्या अंगाला काजू. लाल धूळ इथवर पोचलेली नाही. झाडं हिरवी दिसली की डोळ्यांना किती बरं वाटतं हे दिचोलीत काही दिवस राहिल्याशिवाय कळत नाही.

शशिकलेच्या या आत्याबाईंनी खतखतं केलं होतं, कंदमुळांची आणि भाज्यांची ती एकत्र आमटी, आणि काकडी किसून केलेलं गोड धोंडस. जेवणानंतर अंगणात शेजारपाजारचे जमले. सखारामची हकीकत त्यांना ठाऊक होतीच, आणि बंदुकांतला माणूस आलाय हेही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बाजूला घेतलं.

"साहेब, तुमका बंदुकीतला सगळा कळता," तो म्हणाला. "आमच्या भातात रानडुकर येतत. काय करूचा?"

मी म्हटलं, "त्याला बंदुकीचा परवाना लागेल."

"परवाना आसा. बंदूक आसा. पण डुकर येतत तेवा मी निजलेलो असतंय."

सगळे हसले. सगळी नोकरी बंदुकांत घालवून मी त्या माणसाला शेवटी डबे बांधायचा सल्ला दिला, दोरीला, वाऱ्याने वाजतील असे. ते आपण आधीच बांधलेत, असं तो म्हणाला. डुकरांना आता त्या आवाजाची सवय झाली आहे.

शशिकला त्या दिवशी खूप बोलत होती. आत्याबाईंशी, शेजारणींशी, कोणाशीही. सखाराम पायरीवर बसून ऐकत होता आणि मधूनच तिच्याकडे पाहत होता.

पत्रादेवी

मी निघालो तेव्हा सखारामने मला बांद्यापर्यंत सोडायचं ठरवलं. तिथून पुण्याची बस मिळते. दत्तारामने घरीच निरोप दिला. "तुमच्या पुस्तकात लिहा, सगळी नक्कल आहे म्हणून," असं त्याने सांगितलं, आणि मी नाही म्हटलं. शशिकलेने सोलं आणि काजू बांधून दिले. शेवटी काजू आलेच.

पत्रादेवीच्या हद्दीवरच्या नाक्यावर ट्रक थांबला. हवालदाराने खालून वर पाहिलं. "काय आसा भितर?"

"काय नाय. रिकामी," सखाराम म्हणाला. त्याचा हात स्टिअरिंगवर घट्ट आवळला गेलेला मी पाहिला. हवालदाराने मागे जाऊन वाकून पाहिलं, रेतीचे चार दाणे असतील नसतील, आणि हात केला. आम्ही पलीकडे आलो.

थोडं पुढे गेल्यावर सखारामने ट्रक कडेला घेतला. इंजिन बंद केलं. उतरून तो सावलीत एका दगडावर बसला. मीही उतरलो. त्याचं काही बिनसलंय असं वाटून मी पाणी पुढे केलं. ते पिऊन त्याने तोंड पुसलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाला,

"काका, त्या चौकीत माका माराची भीती नाय होती. कोणी मारलानय नाय. फौजदार माणूस बरो."

"मग?"

"शशी चौकीत येवन सांगान गेली, बाबांचे साहेब येतत, तेंका बंदुकीतला सगळा कळता. तेवापासून माका एकच भीती. तुमी येतलात, ती बंदूक बगतलात आणि म्हणतलात, हीच ती."

मी बाटली खाली ठेवली.

"फौजदार म्हणालो असतो, तर कोणय म्हणालो असतो, तेका काय कळता. पण तुमी म्हटल्यार मगे माझ्या बाजून बोलूक कोण रवतलो? म्हणान मी तुमच्याकडे बघूक नाय. तुमी घासत होतात, आणि मी तुमचो हात बगत होतंय."

"सखाराम," मी म्हटलं, "मला जे दिसलं तेच मी सांगितलं. दुसरं काही दिसलं असतं तर दुसरं सांगितलं असतं."

"ता माका ठाऊक आसा," तो म्हणाला. "म्हणानच भीती होती."

मग त्याने एक लांब श्वास सोडला, आणि त्याला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना इतकं. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. येणाजाणाऱ्यांनी वळून पाहिलं. मी त्याच्या शेजारी बसलो. हसू ओसरल्यावर उरलेलं पाणी त्याने डोक्यावर ओतून घेतलं, उठला आणि ट्रक चालू केला. बांद्याला बस लागलेली होती.